बिस्किटाच्या डब्यातले ४३ लायटर: महागाचा कुठला, रोजचा कुठला आणि फरक नक्की कशात

आमच्या वहिनीच्या मोरजीच्या घरी पाहुण्यांना द्यायच्या दोन खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांच्या कृपेने तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून लायटर जमलेत. कारण साधं आहे, आपल्याकडे विमानात लायटर नेता येत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही, त्यामुळे दाबोळीच्या किंवा मोपाच्या विमानतळावर जायची टॅक्सी दारात आली की पाहुणा खिसे चाचपतो, लायटर टेबलावर ठेवतो आणि जातो. सीझन संपेपर्यंत डबा भरतो.

यंदा मे संपत आला तेव्हा पावसाच्या आधीची अंगणाची झाडलोट चालली होती, मागच्या बाजूला पातेऱ्याचा ढीग घातला होता आणि वहिनी तो डबा हातात घेऊन म्हणाली, "भावजी, हे पण त्याच्यातच जाळून टाकते." मी खुर्चीतून असा उठलो की चहा सांडला. ४३ लायटर म्हणजे आत दाबून भरलेला गॅस असलेल्या ४३ बारक्या बाटल्या, त्या आगीत टाकल्या असत्या तर दिवाळी मे महिन्यातच झाली असती. मग डबा मी माझ्याकडे घेतला आणि सोप्यावर पेपर पसरून एकेक लायटर वेगळा करत बसलो. सिगरेट सोडून मला सहा वर्षं झाली, लायटरचा नाद तेवढा सुटलेला नाही.

वहिनी बाजूला बसली आणि तिने तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात. आमचा एक चुलतभाऊ बोटीवर आहे, त्याच्याकडे एक फ्रेंच लायटर आहे, किंमत लाखाच्या घरात, तो गणपतीला आला की सगळ्यांना दाखवतो. "त्याचीही ज्योत एवढीच, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या तीस रुपयांच्या लायटरचीही ज्योत एवढीच, मग बाकीचे पैसे गेले कुठे?"

प्रश्न बरोबर आहे. ज्योतीचं म्हणाल तर वहिनीचंच खरं आहे, दोन्हींत ब्युटेन नावाचा गॅसच जळतो आणि ब्युटेनला कोणाच्या खिशात आपण आहोत ते कळत नाही. पैसे कुठे गेले ते समजायला लायटर आतून कसा चालतो ते बघावं लागतं, ते फार अवघड नाही.

पारदर्शक लायटर हलवला की आत पाण्यासारखं डुचमळतं ना, तो द्रवरूप ब्युटेन. हा उणे अर्ध्या डिग्रीला उकळतो, म्हणजे आपल्या गोव्यात तो उघड्यावर क्षणभरही द्रव राहणार नाही, पण बंद जागेत कोंडला की स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली निमूट द्रव होऊन बसतो. दाब किती, तर ३५ डिग्रीला साधारण आपण गाडीच्या टायरमध्ये भरतो तेवढा. म्हणून तर इतक्या पातळ प्लास्टिकमध्ये तो राहू शकतो. तुम्ही खटका दाबता तेव्हा वरची बारीक झडप उघडते, एक मिली द्रवाचा जवळजवळ २४० मिली गॅस होऊन बाहेर येतो, म्हणून एवढ्याशा टाकीत शेकडो वेळा पेटवण्याइतका माल मावतो. टाकी गळ्यापर्यंत मात्र भरायची नसते, गरम झाल्यावर द्रव फुगतो त्याला जागा लागते. आयएसओ ९९९४ नावाचं लायटरांसाठीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात द्रव ८५ टक्क्यांच्या वर नको असं आहे, शिवाय लायटर दीड मीटरवरून पाडून बघायचा आणि ६५ डिग्रीत चार तास ठेवून बघायचा. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड आठवा, मग तो ६५ चा आकडा उगाच वाटत नाही.

आता ठिणगी. मला ह्यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे म्हणून जरा लांबण लावतो.

जुनी चकमक म्हणजे गारगोटी आणि पोलाद. त्यात गारगोटी पोलादाला खरवडते, पोलादाचा बारीक कण निघतो, तो हवेत तापून जळतो, ती ठिणगी. दगड तसाच राहतो, जळतं ते लोखंड. लायटरमध्ये बरोबर उलटं आहे. आपण ज्याला लायटरचा खडा म्हणतो तो खडा नाहीच, तो धातू आहे, सिरियम आणि त्याच्या भाईबंद धातूंमध्ये लोखंड मिसळून केलेला, त्याला फेरोसिरियम म्हणतात. दातेरी पोलादी चाक त्याला खरवडतं आणि जळतो तो 'खडा'. सिरियमला पेटायला फार कमी उष्णता लागते, नुसतं घासलं तरी पुरतं. म्हणून चाक वर्षानुवर्षं टिकतं आणि खडा झिजून संपतो.

हा खडा काढला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख ह्या केमिस्टने, १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण ह्या माणसाची दुसरी वस्तू तुमच्या आजोबांनी नक्की वापरलीय. देवळाच्या मंडपात रात्रभर मराठी नाटकं चालायची तेव्हा वर टांगलेली पेट्रोमॅक्सची गॅसबत्ती, तिच्यातली ती पांढरी जाळी, मेंटल, ती ह्याचीच कल्पना. त्या जाळीला थोरियम लागायचं, ते काढायचे मोनाझाइट नावाच्या वाळूतून (ही वाळू आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरही आहे), आणि थोरियम काढून घेतलं की सिरियम वगैरेचा ढीग फुकट उरायचा. त्या उरलेल्या ढिगाचं काय करायचं ह्यातून लायटरचा खडा आला. म्हणजे जत्रेतली बत्ती आणि खिशातला लायटर ही एकाच घरातली भावंडं.

ठिणगीचा दुसरा प्रकार तुमच्या शेगडीपाशी लटकलेला आहे. टक्क करणारा गॅसचा लायटर. त्यात खडा नसतो, आत एक छोटी हातोडी विशिष्ट प्रकारच्या सिरॅमिकवर आपटते आणि त्या दाबाने हजारो व्होल्टची ठिणगी उडते, करंट नगण्य म्हणून झटका बसला तरी चावल्यासारखा वाटतो तेवढंच. दाबल्यावर वीज देणारे स्फटिक असतात हे क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. निळी सरळ ज्योत मारणारे जे जेट लायटर असतात त्यांच्यात बहुतेक वेळा हीच ठिणगी असते, वाऱ्यात उत्तम, पण त्यांचं भोक इतकं बारीक की जरा घाण गॅस भरला की बसलेच.

झालं, लायटर म्हणजे एवढंच. टाकी, झडप, ठिणगी. आता डब्याकडे.

२६ लायटर वापरा-आणि-फेका. प्लास्टिकची सीलबंद टाकी, खाली भरायला भोक नाही. त्यातल्या निम्म्यांत गॅस होता पण खडा संपलेला, म्हणजे भरलेली टाकी घेऊन मेलेले. ह्यांना वाईट म्हणायचं कारण नाही, हे एकदाच जगायला बनवलेले असतात आणि तेवढं नीट जगतात. फ्रान्सच्या बिक कंपनीने १९७३ मध्ये स्वतःचा असा लायटर आणला तेव्हापासून जगभर हाच प्रकार सगळ्यात ओळखीचा झालाय.

११ होते रिफिलवाले, आणि खरी गंमत इथं आहे, कारण दुकानदार ज्याला रिफिलचा लायटर म्हणून देतो तो बऱ्याचदा अर्धाच रिफिल असतो. खाली गॅस भरायचा पितळी व्हॉल्व्ह असतो, छान वाटतं, पण खडा बदलायला वरची पत्र्याची टोपी उचकटावी लागते, ती उचकटली की चाक एकीकडे, स्प्रिंग दुसरीकडे, आणि स्प्रिंग तर हमखास कपाटाखाली. गॅस पाच वेळा भरता येईल पण खडा एकच. मग तो रिफिल कसला? ११ पैकी सात असे निघाले. उरलेले चार गोल नळकांडीसारखे होते, स्पेनच्या क्लिपर पद्धतीचे. त्यात चाकासकट खड्याची नळी वर ओढली की अख्खी हातात येते, खडा बदला, परत खुपसा. प्लास्टिकचाच लायटर, पण कोणीतरी बनवताना विचार केला की ह्यातलं काय आधी संपेल आणि तिथं बोट पोचलं पाहिजे.

मी वहिनीला म्हटलं, रोजचा आणि उंची ह्यातला फरक मला विचारशील तर हाच आहे, सोन्याचा मुलामा नंतर. संपणाऱ्या, झिजणाऱ्या भागापर्यंत बोट पोचतं का आणि उद्या तो भाग मिळतो का. हे माझ्या डोक्यातलं नाही हां, युरोपच्या कायद्यात जवळजवळ असंच लिहिलंय. २००६ मध्ये युरोपियन युनियनने नियम केला की लहान मुलांना सहज पेटवता येणार नाही असेच लायटर विकायचे, पण काही रिफिलवाल्या लायटरना त्यातून सूट दिली. सूट कोणाला? जो किमान पाच वर्षं सुरक्षित चालेल असा बनवलाय, ज्याला किमान दोन वर्षांची लेखी गॅरंटी आहे, जो आयुष्यभर दुरुस्त करता येतो आणि भरता येतो, आणि गॅरंटी संपल्यावरही ज्याचे झिजणारे भाग युरोपातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून मिळतात. किंमत, सोनं, वरचा लॅकरचा लेप ह्यातलं काही त्या अटींत नाही. दुरुस्ती होते का, एवढंच बघितलंय.

तीन लायटर झाकणवाले होते, पेट्रोलचे, झिप्पोच्या घराण्यातले. हा प्रकार दोन्ही गटांत बसत नाही म्हणून मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी जॉर्ज ब्लेसडेल ह्यांनी १९३२ मध्ये झिप्पो सुरू केली, किंमत होती १ डॉलर ९५ सेंट, आणि पहिल्यापासून आयुष्यभराची हमी, बिघडला तर फुकट दुरुस्त. आत काही गूढ नाही: कापूस, वात, खडा, चाक आणि वाऱ्यासाठी भोकं पाडलेलं धुराडं. इंधन गॅस नव्हे, पेट्रोलच्याच जातीचा पण साफ केलेला नॅफ्था. दाब नाही, झडप नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. तळाचा नमदा उचलला की खाली एक जादा खडा ठेवायची सोय, मागच्या पिढीतली शहाणी माणसं तिथं खडा ठेवायचीच.

तोटा असा की टाकी बंद नसल्यामुळे इंधन न वापरताही उडतं. आठ-दहा दिवस ठेवलात की कोरडा, आपल्या मे महिन्यात त्याहून लवकर. आणि दुसरा तोटा मी स्वतः भोगलाय, आणि तो खास आपल्या हवेचा. माझा असाच एक झाकणाचा लायटर एक पावसाळाभर कपाटात पडून होता, गणपतीच्या सुमारास काढला तर चाक फिरेना. फेरोसिरियमला दमट हवा लागली की तो गंजतो, फुगतो आणि भुसभुशीत होऊन नळीत घट्ट बसतो, काडीपेटी सर्दते तसंच पण धातूचं. म्हापशाला एक म्हातारे घड्याळवाले आहेत त्यांच्याकडे नेला, त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, नळीत डोकावलं आणि म्हणाले, "खडो फुगला रे." मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने तो खडा पिठासारखा काढला, पेपरवर करड्या भुकटीचा ढीग पडला, त्या भुकटीवर त्यांनी चेष्टेत पोलादाची पिन घासली तर दोन ठिणग्या उडाल्या. मरताना पण आपला धर्म सोडला नाही खड्याने. पन्नास रुपये घेतले. तेव्हापासून पावसाळ्यात मी खडा काढूनच ठेवतो, आणि समुद्राजवळ राहत असाल तर क्रोमच्या लायटरला महिन्यातून एकदा कोरडं फडकं मारा, खाऱ्या हवेने त्यावर बारीक पुळ्या येतात.

मग दोन जेट लायटर, दोन्हींची तोंडं काजळीने बसलेली, त्यांच्यावर वेळ घालवला नाही.

आणि शेवटचा एक जाड सोनेरी लायटर, डब्याच्या अगदी तळाला. वहिनीचे डोळे चमकले. आमच्या बोटीवाल्या भावाच्या लायटरसारखाच दिसणारा, त्याच कापणीचा. पण हातात घेतला आणि कळलं. त्याचा लायटर मी धरून बघितलाय, तो आकाराच्या मानाने दचकायला होतो इतका जड आहे, कारण अंग पितळेचं आहे. डब्यातला हलका लागला. कोपऱ्यावरचा चरा बघितला तर मुलाम्याखाली पिवळं नाही, राखाडी. म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, पितळेपेक्षा स्वस्त आणि वजनाला पाचव्या हिश्शाने तरी कमी. चरा पिवळा की राखाडी, ही परीक्षा लक्षात ठेवा, बाजारात अशा नकला भरपूर आहेत.

खऱ्यात काय असतं मग. भावाचा लायटर एस. टी. द्युपाँचा, ही फ्रेंच कंपनी १८७२ मधली, मूळची प्रवासाच्या चामडी बॅगा आणि पेट्या करणारी. लायटरकडे ती वळली त्या गोष्टीत आपला एक माणूस आहे, पतियाळाचे महाराज. कंपनी स्वतःच सांगते की १९४१ मध्ये महाराजांनी शंभर छोट्या उंची पर्स मागवल्या आणि प्रत्येकीत सोन्याचा लायटर हवा म्हणाले, तिथून कंपनीचा लायटर सुरू झाला. १९५२ मध्ये त्यांचा गॅसचा आला. अंग पितळेचं, त्यावर चिनी पद्धतीचं लॅकर, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेलं, थरावर थर, मधे वाळवणं आणि घासणं, पॉलिश, परत थर. आणि झाकण उघडतानाचा तो आवाज, खणखणीत नाणं फरशीवर पडावं तसा लांबत जाणारा. तो आवाज पातळ पत्र्यातून येत नाही, जाड पितळ आणि बिजागरी एकमेकांत केसभर फटीने बसवलेली असली तरच येतो. आता ह्या आवाजाला काही उपयोग आहे का? नाही. पण मंदिरातल्या घंटेलाही तसा हिशेबाने उपयोग नसतो.

तरी लाख रुपये केवळ आवाजाचे नाहीत आणि केवळ कामाचेही नाहीत, बराच हिस्सा नावाचा आहे, आणि भाऊ पण हे कबूल करतो, दोन पेग झाल्यावर. त्याने मला एकच गोष्ट सांगितली जी पटली: त्याच्या लायटरचा आतला रबरी वॉशर कडक होऊन गॅस गळायला लागला तेव्हा त्याने तो सर्व्हिसला दिला आणि वॉशर बदलून परत आला. तीस रुपयांच्या लायटरचा वॉशर गेला की लायटरच गेला. उलट त्याची कटकट पण ऐका, सर्व्हिस त्याला भारतात मिळाली नाही, बोट युरोपच्या बंदराला लागेपर्यंत तो लायटर सहा महिने सॉक्समध्ये गुंडाळून पडला होता. आणि त्याला गॅसही कंपनीचाच लागतो, वेगवेगळ्या मॉडेलला वेगवेगळ्या रंगाच्या डब्या.

स्वस्त लायटरचं राजकारण पण आहे एक छोटं. शिवकाशीच्या काडीपेटीवाल्यांनी फार आरडाओरडा केला, २०२१ च्या डिसेंबरपासून काडीपेटी एक रुपयाची दोन रुपये झालेली, आणि एक लायटर वीसेक काडीपेट्यांचं काम करतो, तेव्हा केंद्राने जून २०२३ मध्ये वीस रुपयांपेक्षा कमी किमतीत आयात होणाऱ्या लायटरवर बंदी घातली. हसू नका, पोर्तुगालने ह्याच्याही पुढची गंमत केली होती. हुकूमशहा साल्झारच्या काळात १९३७ पासून पोर्तुगालमध्ये काडीपेटीचा धंदा सांभाळायला चक्क लायटर वापरायचं लायसन्स लागायचं, खिशात लायटर आणि लायसन्स नाही तर दंड, आणि सापडलेला माणूस सरकारी नोकर असला तर दंड दुप्पट. १९७० पर्यंत हे चाललं.

बरं, घरी भरायचा कसा ते सांगतो, कारण ह्यातच लोक चुकतात आणि मग लायटरला शिव्या देतात. आधी लायटर उलटा धरून बारीक स्क्रूड्रायव्हरने खालचा व्हॉल्व्ह दाबा, फुस्स करून उरलेली हवा आणि गॅस जाऊ दे, हे उघड्यावर, शेगडी-समई काही पेटलेलं नको. ही हवा राहिली तर नवीन गॅसला जागा मिळत नाही, लोकांना वाटतं डबीत गॅस कमी होता. मग ज्योतीचा स्क्रू सगळ्यात कमीवर करा. लायटर खाली, डबी वर, दोन्हींची तोंडं सरळ एका रेषेत, आणि दाबून चार-पाच सेकंद. तिरकं धरलंत की अर्धा गॅस बोटांवर, आणि तो इतका गार असतो की बोटं चुरचुरतात. भरून झाल्यावर लगेच पेटवायचा नाही, पाच मिनिटं ठेवायचा, एकतर बाहेर सांडलेला गॅस उडून जाऊ दे आणि गार झालेली टाकी परत हवेच्या तापमानाला येऊ दे. आणि घरच्या सिलिंडरमधून भरायचे जुगाड कृपा करून करू नका. त्यात ब्युटेनबरोबर प्रोपेन असतो, त्याचा दाब त्याच तापमानाला ब्युटेनच्या चौपट, लायटरची टाकी त्यासाठी केलेलीच नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. मेलेले लायटर मी उघड्यावर रिकामे करून सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत बांधले, कचरा नेणाऱ्या मुलाला सांगितलं काय आहे ते. चार क्लिपरछाप भरून, नवे खडे घालून चालू केले. एक वहिनीने समईसाठी देवापाशी ठेवला, एक मी घेतला, आणि उरलेले दोन तिने दोन्ही खोल्यांत मच्छर अगरबत्तीच्या शेजारी ठेवले.

पुढच्याच आठवड्यात एका खोलीतला गायब. पाहुणा खिशात घालून गेला, मोपाला काढून घेतला असणार.